शीर्षकांतली पाखरं

मुंबईतल्या जुन्या मराठी वाचनालयात जाऊन ‘पक्ष्यांवरची पुस्तकं आहेत का?’ असं विचारलं, तर बहुधा एकच कपाट दाखवलं जातं. त्यात पक्षी ओळखायला शिकवणारी पुस्तकं असतात, मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ असतो, क्वचित सलीम अलींचं एखादं पुस्तक असतं. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत या कपाटाचा क्रमांक ५९८. जी. ए. कुलकर्णींचा ‘पारवा’ तिथे सापडणार नाही. ‘हिरवे रावे’, विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’, प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ यांतलंही काही तिथे नसतं. ग्रंथपालाची यात काहीच चूक नाही. वर्गीकरण पुस्तकाचा विषय बघतं, नाव बघत नाही.

पण वाचकाला नाव बघता येतं. काही महिने फक्त शीर्षकात पक्षी असलेलीच पुस्तकं घरी न्यायची, असं ठरवून बघावं. नावातल्या एका शब्दामुळे दोन पुस्तकांत नातं निर्माण होत नाही, हे मान्य. तरीही वाचनालयात आपण सगळे ठरलेल्या वाटेनेच हिंडतो: कादंबरीचा वाचक कादंबऱ्यांकडे, चरित्रांचा वाचक चरित्रांकडे. शब्दाची वाट या सगळ्या कपाटांना आडवी छेदत जाते. कथा, नाटक, दलित आत्मकथन, संतवाङ्मय आणि अरण्यलेखन वहीच्या एकाच पानावर एकाखाली एक येतात. ‘गिधाडे’ आणि चितमपल्लींचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ लागोपाठ वाचा, असं कुठलीही शिफारस-यादी सांगणार नाही. लागोपाठ वाचली की दोन्ही वेगळी कळतात. त्यासाठी हा उद्योग करायचा, आणि करायचा तर नीट करायचा.

सुरुवात शब्दाच्या निवडीपासून. ‘मन’, ‘घर’, ‘जीवन’, ‘दिवस’ हे शब्द घेऊ नयेत. त्यांची शीर्षकं इतकी आहेत की माग काढण्यात काही उरत नाही. फार दुर्मीळ शब्द दोन-तीन पुस्तकांत संपतो. वीस-पंचवीस पुस्तकं देईल आणि ती निदान चार वाङ्मयप्रकारांत विखुरलेली असतील, असा शब्द हवा. पक्षी या दृष्टीने फार चांगला, कारण तो एकटा येत नाही, गोतावळ्यासह येतो. पाखरू, पारवा, रावा, मोर, हंस, घार, रातवा, पिंगळा असा प्रत्येक शब्द वेगळा शोधावा लागतो.

शोध सुरू करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहावेत, नाहीतर पुढे प्रत्येक पुस्तकापाशी अडायला होतं. पक्षी रूपक म्हणून आला असेल तर चालेल. माणसाचं, मासिकाचं किंवा प्रकाशनाचं नाव असेल तर चालणार नाही. बालवाङ्मय वेगळ्या पानावर, कारण तिथे चिऊकाऊंची संख्या एवढी असते की बाकीची यादी त्याखाली बुडून जाते. जिथे शंका असेल तिथे पुस्तकाच्या बाजूने निकाल द्यावा. पिंगळा हे छोटं घुबड आहे आणि पहाटे कुडमुडं वाजवत दारावर येणारा भिक्षेकरीही, मग जी. एं.चं ‘पिंगळावेळ’ यादीत घ्यायचं का? माझ्या मते निःसंशय घ्यायचं. वाचून झाल्यावर काढून टाकता येतं, न वाचता टाकलेलं मात्र राहूनच जातं.

आता सूची. जिथे अजून कार्डांचे लाकडी खण आहेत, तिथे शीर्षकाची कार्डं पहिल्या अक्षरानुसार लावलेली असतात. म्हणजे ‘पारवा’ प मध्ये लगेच सापडतो, पण ‘हिरवे रावे’ ह मध्ये, ‘आठवणींचे पक्षी’ आ मध्ये, आणि जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहातला मोर फ च्या खणात, तोही ओळीच्या अगदी शेवटी. कार्डांच्या सूचीला फक्त पहिला शब्द ठाऊक असतो. मधल्या किंवा शेवटच्या शब्दासाठी सगळा खण चाळण्याला पर्याय नाही. तो चाळताना घाई करू नये आणि कार्डं दांड्यावरून ओढून काढू नयेत. भोक फाटलं की ते कार्ड पुढच्या वाचकाच्या वेळी खणाच्या तळाशी गेलेलं असतं. कार्डावरून तीन गोष्टी उतरवाव्यात: वर्गांक, दाखल क्रमांक आणि प्रतींची संख्या. यांतला दाखल क्रमांक सगळ्यांत महत्त्वाचा. वर्गांक एका विषयाच्या अनेक पुस्तकांना असतो, दाखल क्रमांक मात्र त्या एका प्रतीचाच.

संगणकावरची सूची मधला शब्दही शोधते, पण तिचे घोळ वेगळे आहेत. मराठीत नामाला विभक्ती लागताना त्याचं रूप बदलतं. ‘पक्षी’ शोधलं तर ‘पक्ष्यांची’, ‘पक्ष्यांचे’ असलेली शीर्षकं निसटतात. म्हणून शब्दाचा न बदलणारा भागच टंकावा: पाखर, कावळ, चिमण, गिधाड, पिंगळ. याची किंमत मोजावी लागते. ‘पक्ष’ एवढंच टंकलं की राजकीय पक्षांचे सगळे इतिहास समोर येतात, शिवाय पितृपक्ष. ‘मोर’ टंकलं की ‘मोरूची मावशी’ आणि मोरोपंत हजर होतात. ‘घार’ घारापुरीला जाते. ‘हंस’ टंकलं की रामकृष्ण परमहंसांची चरित्रं येतात आणि १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेवरचं लेखनही; शोध सगळ्या रकान्यांत चालत असेल तर राजहंस प्रकाशनाची झाडून सगळी पुस्तकं. म्हणून शोधाचा रकाना ‘शीर्षक’ असा आधी निवडून घ्यावा. चिं. वि. जोशींचं ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ तर ‘चिमण’ला सापडतं आणि ‘रावा’लाही, आणि पक्षी त्यात एकही नाही.

याच शीर्षकातला ‘ऱ्हा’ ही आणखी एक अडचण. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कळफलकांवर हे अक्षर वेगवेगळ्या संकेतांनी टंकलं गेलं. पडद्यावर ते सारखं दिसतं, पण संगणकाला ते एक वाटत नाही. एक शब्द सापडला नाही तर त्यातलं जोडाक्षर वगळून उरलेला तुकडा टंकावा. जुन्या श्रीलिपीसारख्या टंकांतून युनिकोडमध्ये आणलेल्या नोंदींत मधेच भलतं अक्षर घुसलेलं असतं. तिथे लेखकाच्या आडनावावरून जाणं बरं. महाविद्यालयांच्या सूचींत मराठी शीर्षकं पुष्कळदा रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि तिथे ‘पारवा’ व ‘पर्व’ यांचं स्पेलिंग एकच होऊन बसतं.

१९६२ पूर्वीच्या पुस्तकांसाठी आणखी एक सावधगिरी. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी ‘पाखरू’ हे ‘पांखरूं’ असं छापलं जाई. जुनी नोंद मुखपृष्ठावरून जशीच्या तशी उतरवलेली असेल, तर ‘पाखर’ टंकून ती सापडणार नाही. ‘पांखर’ही टंकावं लागतं. १९५० पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ मधली पुस्तकं नोंदवतो, पुढचा १९५० पर्यंत येतो. हे खंड घरी मिळत नाहीत, संदर्भ विभागात बसूनच बघायचे. एका माणसाने एवढ्या पुस्तकांचा हिशेब ठेवला, हे तो ग्रंथ हातात घेतल्याशिवाय खरं वाटत नाही. दुसरं काही नाही केलं तरी एक दुपार त्यासाठी द्यावी.

यादी झाली की वाचनालयं निवडायची. एकाच ठिकाणी सगळं मिळणार नाही. घराजवळचं एक आणि जुना साठा असलेलं एक, अशी दोन सभासदत्वं पुरतात. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय त्याहून पाच वर्षांनी जुनं. पार्ल्याला लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय आहे. वर्गणीसोबत अनामत भरावी लागते. ती सभासदत्व सोडताना परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवावी. एका वेळी दोन पुस्तकांची वर्गणी घ्यावी, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

काही वाचनालयांत कपाटं वाचकांना खुली असतात, काही ठिकाणी चिठ्ठी द्यावी लागते आणि आतून पुस्तक आणून दिलं जातं. चिठ्ठीवर एकच नाव लिहिणं ही नेहमीची चूक. आठ-दहा नावं दाखल क्रमांकांसह, पसंतीच्या क्रमाने लिहावीत. पहिली तीन बाहेर असतात, चौथं बांधणीला गेलेलं असतं, पाचवं ‘आहे’ असं दिसतं पण जागेवर नसतं. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर काउंटरवर गर्दी होते, तेव्हा कर्मचाऱ्याला आत जाऊन शोधायला वेळ नसतो. सकाळी किंवा वाचनालय उघडल्या उघडल्या गेलं, तर जागेवर नसलेलं पुस्तक शेजारच्या फळीवरून शोधून देण्याइतकी सवड आणि आस्था हमखास मिळते. काय शोधतो आहोत ते ग्रंथपालांना सरळ सांगावं. ज्यांनी वर्षानुवर्षं पुस्तकं दिली-घेतली आहेत, त्यांच्या डोक्यातली सूची संगणकापेक्षा मोठी असते. आपल्या यादीत नसलेली दोन-चार नावं तिथेच मिळतात.

पुस्तक हातात आलं की कण्यावर विसंबू नये. जुन्या प्रतींचं मूळ मुखपृष्ठ गेलेलं असतं, रेक्झिनच्या बांधणीवर बाइंडरने नाव आखूड करून घातलेलं असतं, कधी दोन पातळ पुस्तकं एकाच बांधणीत शिवलेली असतात. खरं नाव आतल्या शीर्षकपानावर. त्याच्या मागच्या पानावर पहिल्या आवृत्तीचं साल बघावं. हातातली प्रत पाचवी आवृत्ती असेल आणि तिचंच साल वहीत उतरवलं, तर पुस्तकांचा काळाचा क्रम पार बिघडतो. जी. एं.चीच उदाहरणं घ्या: ‘पारवा’ १९६०, ‘हिरवे रावे’ १९६२, ‘पिंगळावेळ’ १९७७. ही सालं समोर असली की संग्रहांची नावं पारव्या-राव्यांपासून पहाटेच्या पिंगळ्यापर्यंत कशी गेली ते दिसतं, आणि त्याच क्रमाने कथा वाचाव्याशा वाटतात. वहीत शीर्षक, लेखक, पहिल्या आवृत्तीचं साल, वाचनालय, दाखल क्रमांक हे रकाने असावेत, आणि एक रुंद रकाना कोरा सोडावा: पुस्तकात तो पक्षी काय करतो?

हा शेवटचा रकाना भरू लागला की या वाचनाला रंग चढतो. शीर्षकातला पक्षी आतल्या पानांत फार क्वचित उडतो. सोनकांबळ्यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) आठवणीच पक्षी आहेत: मराठवाड्यातल्या एका दलित मुलाच्या शिक्षणाच्या, भुकेच्या, नातेवाइकांच्या दारातल्या आठवणी. खरे पक्षी वाचायचे तर चितमपल्लींकडे जावं लागतं. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या लेखकाकडे पक्षी आधी पक्षी असतो: त्याचं घरटं, त्याचा आवाज, त्याला आदिवासी काय म्हणतात, जुन्या संस्कृत ग्रंथात त्याचं वर्णन कसं आहे. त्यांच्या ‘रातवा’च्या शीर्षकातला पक्षी दिवसा पाचोळ्यात बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. दोन पुस्तकांची वर्गणी घ्यायची ती यासाठी. एका हाताला रूपकाचं पुस्तक आणि दुसऱ्या हाताला निरीक्षणाचं, अशी जोडी घरी न्यावी. चितमपल्ली वाचून जी. एं.कडे वळलं की ‘पारवा’ हा शब्द पुन्हा जड होतो, त्याला पिसं आणि वजन येतं. उलट जी. ए. वाचून चितमपल्ली उघडले की त्यांच्या साध्या नोंदींतलं एकटेपण जाणवतं.

‘गिधाडे’ची गोष्ट आणखी वेगळी. हे नाटक १९७० साली रंगमंचावर आलं. पैशासाठी बापाला, भावांना, बहिणीला ओरबाडणारं कुटुंब आणि त्याला दिलेलं हे नाव. तेव्हाच्या मुंबईकर प्रेक्षकाला गिधाड पाहण्यासाठी जंगलात जावं लागत नव्हतं. मलबार हिलवर पारशी समाज जिथे मृतदेह पक्ष्यांसाठी उघड्यावर ठेवतो, त्या दख्म्यांवर ती घिरट्या घालत. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं मेली. औषध दिलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. १९९०च्या दशकापासून काही वर्षांत भारतातल्या तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये निश्चित झालं आणि २००६ मध्ये पशुवैद्यकातल्या वापरासाठी या औषधावर बंदी आली. आज हे नाटक वाचनालयातून नेणाऱ्या तरुण वाचकाने गिधाड बहुधा पाहिलेलंच नसतं. त्याच्यासाठी ती शिवी उरली आहे, पक्षी गेला आहे. आणि निसर्गाच्या हिशेबाने ती शिवी अन्यायाची आहे: गिधाड मेलेलं खातं, नाटकातली माणसं जिवंतांना खातात. तेंडुलकरांच्या नाटकाचं बळ यामुळे कमी होत नाही. पण ५९८ च्या कपाटातलं एखादं पुस्तक शेजारी ठेवून वाचलं, तर हा फरक टोचत राहतो, आणि तो टोचायला हवा.

फिनिक्स मोजायचा का, हा प्रश्न यादीत येतोच. तो खरा पक्षी नाही. तरी घ्यावा, कारण जयंत पवारांच्या शीर्षकात तो मोराला जन्म देतो. शिवाय लोअर परळला फिनिक्स मिल होती आणि आता तिथे मॉल आहे, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ती राख कुठली हे वेगळं सांगावं लागत नाही.

काही शीर्षकं वाचकाला वाचनालयाच्या पार दुसऱ्या टोकाला नेतात. ‘पक्षी जाय दिगंतरा’ हे चितमपल्लींच्या पुस्तकाचं नाव जनाबाईंच्या अभंगातून आलं आहे: ‘पक्षी जाय दिगंतरा । बाळकांसी आणी चारा’. पुढच्या ओळीत घार आहे, आकाशात हिंडणारी आणि पिलांपाशी झेपावणारी. त्यानंतर कामात गुंतलेली आई, पिलाला पोटाशी बांधून झाडावर हिंडणारी वानरी, आणि शेवटी विठ्ठल. चितमपल्लींच्या पुस्तकाबरोबर संतांची गाथा काढून तो अभंग पुरा वाचावा. गाथा बहुतेक ठिकाणी संतवाङ्मयात किंवा धर्माच्या कपाटात असते, आणि जाड गाथा संदर्भ म्हणून घरी देत नाहीत. तिथेच उभ्याने वाचण्याइतका तो अभंग लहान आहे. घारीचं हे निरीक्षण कुणी घराबाहेर राबणाऱ्या बाईनेच करावं, इतकं नेमकं आहे.

पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तीही वाचावी. दहा-बारा वर्षांत एकही शिक्का नसलेली पुस्तकं या वाटेवर वारंवार भेटतात, कारण लोकप्रियतेशी या यादीचा संबंध नाही. जागा कमी पडली की वाचनालय पुस्तकं बाद करतं, आणि कुठली करायची हे ठरवताना ही चिठ्ठी पाहिली जाते. आपण पडवलेला एक शिक्का त्या पुस्तकाला काही वर्षं देतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ याच्या लगेच पुढे ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे सूत्र आहे. हे पुढचं सूत्र काउंटरपलीकडचे लोक एकट्याने पाळू शकत नाहीत. म्हणून असं पुस्तक तिथेच चाळून परत ठेवू नये, नोंदवून घरी न्यावं. पावसाळ्यात मात्र जपून. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा जुन्या कागदाला सोसत नाही. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून न्यावं, पण घरी आल्यावर लगेच बाहेर काढावं. पिशवीत ओल कोंडली की बुरशी धरते. भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. पानांतून कसर दिसली तर झटकून गप्प बसू नये, परत देताना सांगावं, म्हणजे शेजारची पुस्तकं वाचतात.

शेवटी यादीत पाच-सहा नावं अशी उरतात की ती कुठेच घरी मिळत नाहीत. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती देशातल्या ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात आणि त्यांत मुंबई आहे. त्यामुळे त्यानंतरच्या पुस्तकांसाठी फोर्टमधल्या टाउन हॉलच्या इमारतीत, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचारावं. तिथे बसून वाचायचं असतं. जाताना ओळखपत्र, पेन्सिल आणि नेमकं शीर्षक-लेखक-साल न्यावं, कारण नुसत्या ‘पक्ष्यांचं कायसंसं नाव आहे’ यावर तिथे काही निघत नाही. जे पुस्तक अजून छापलं जातं आहे आणि तरी आपल्या वाचनालयात नाही, ते वाचकांच्या सूचनांच्या वहीत लिहावं: शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत. नुसतं ‘चांगली पुस्तकं आणा’ असं लिहिलेलं कुणी विकत घेऊ शकत नाही, चार रकाने भरलेली नोंद मात्र पुढच्या खरेदीच्या यादीत जशीच्या तशी उतरवता येते. आर्थिक वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी, दिवाळीच्या सुमाराला ती लिहिलेली बरी.